अपुरी गोधडी

संस्कृतांत 'कंथा' असा एक शब्द आहे. चिंध्या जोडून केलेलें वस्त्र किंवा पांघरूण, हा त्याचा अर्थ. बंगालकडील भगिनी जिला 'कांथा' म्हणतात ती हीच. भर्तृहरीनें वैराग्यशतकांत विरक्ताची संपत्ति सांगतांना शेंकडों तुकड्यांच्या जीर्ण कंथेचा उल्लेख केला आहे. शंकराचार्यांच्या नांवावर चालत आलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रांतील योगीहि रस्त्यांत पडलेल्या चिंध्यांची कंथा पांघरतो. बौद्ध भिक्षूंचें चीवर तुकडे जोडूनच करावयाचें असे. मगध देशांतील शेतांचे बांध दाखवून भगवान् बुद्धांनीं आनंदास त्या आकृतीचें चीवर करावयास सांगितलें, अशी कथा विनयपिटकांत आहे. आपल्या महाराष्ट्रांत गाडगेमहाराजांस (1876-1956) त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून कित्येक जण गोधडेमहाराज म्हणत. सारांश, कंथेला ग्रंथांत जो मान मिळाला तो ती विरक्ताच्या खांद्यावर चढल्यावर मिळाला. दुपारचीं भांडीं आवरल्यावर घरची बाई पाय पसरून जी गोधडी शिवीत बसली, तिच्याकडे श्लोक करणाऱ्यांचें लक्ष गेलें नाहीं. आज आम्हांस अशाच एका गोधडीविषयीं लिहावयाचें आहे, आणि तीहि अर्ध्यावर टाकलेल्या.

गोधडी म्हणजे काय हें मराठी वाचकांस सांगावयास नको. देशावर कोणी तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेकडे कौदी म्हणतात. तान्ह्या मुलाकरितां दोन पदरी केली तर दुपटें, चार पदरी केली तर चौघडी. खानदेशांत गोधडी हेंच नांव सर्वतोमुखीं आहे, आणि तिची गरजहि तशीच आहे. धुळ्याचा उन्हाळा बाहेरच्यांस ऐकून ठाऊक असतो. पण मार्गशीर्ष-पौषांत येथें पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि पहांटे पांझरेवरून वारा सुटला म्हणजे अंगावर चादर आहे कीं नाहीं याचा संशय पडतो. हा मुलूख कापसाचा. तरी येथल्या सामान्य घरांत थंडी निवारली ती नव्या कापसानें नव्हे, जुन्या लुगड्यांनीं. त्याचें कारण केवळ दारिद्र्य नव्हे. कापूस भरलेली दुलई घरीं धुतां येत नाहीं. ओली झाली कीं आंत गोळे होतात आणि कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हां पिंजून घ्यावा लागतो. जुन्या कापडाचे थर धांवदोऱ्यानें शिवलेली गोधडी मात्र दगडावर आपटली तरी तिचा थर जागचा हालत नाहीं. शिवाय शेंकडों धुण्यांनीं सुताला जो मऊपणा येतो तो दुकानांत विकत मिळत नाहीं.

शके 1946 च्या कार्तिकांत, म्हणजे 2024 च्या नोव्हेंबरांत, जुने कपडे घेऊन भांडीं देणारी बोहारीण आमच्या दारावर आली असतां तिच्या गाठोड्यांतून एक वस्तु डोकावतांना आमच्या सौभाग्यवतीच्या दृष्टीस पडली. तिनें ती ओढून काढली. बोहारीण म्हणाली, "माय, हाई अर्धंच शे." तिचें म्हणणें खरें होतें. गोधडीचा तो नुसता वरचा थर होता. अस्तर नाहीं, आंत भरण नाहीं. आठ-आठ अंगुळांचे चौकोन कापून हातानें जोडलेले. आडवे सहा व उभे आठ असा एकंदर बेत स्पष्ट दिसत होता. त्यांपैकीं चव्वेचाळीस चौकोन जोडून झाले होते व शेवटच्या ओळींतले चार राहिले होते. जेथें काम थांबलें तेथें सुई तशीच टोंचलेली होती, गंजून काळी झालेली, आणि तिच्या नेढ्यांत वीतभर तांबडा दोरा होता. चाळीस रुपयांस ती वस्तु घरांत आली. ती कोणत्या घरची हें बोहारणीस सांगतां येईना. देवपुरापासून मोहाडीपर्यंत दहा गल्ल्यांतले कपडे त्या एका गाठोड्यांत होते.

जुनी पोथी हातीं आली म्हणजे आधीं कागद, शाई व अक्षर पाहावें, अशी आम्हांस लागलेली संवय. त्याच रीतीनें आम्हीं हा थर उजेडासमोर धरला. गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे होते, म्हणजे त्या घरीं चोळ्या शिवल्या जात. इरकली लुगड्याच्या कांठाचे तुकडे होते. पट्ट्यापट्ट्यांच्या गिरणी कापडाचे बरेच होते, त्यांपैकीं एकावर गिरणीच्या शिक्क्याचा निळा कोपरा शिल्लक होता, पण अक्षर एकहि लागलें नाहीं. एका चौकोनाचा पोत निराळा वाटला म्हणून कडेचा एक धागा काढून आम्हीं पेटविला. सुती धागा जळतो तेव्हां कागदासारखा वास येतो व मऊ राख पडते; हा आक्रसला आणि त्याचा टणक मणी झाला. म्हणजे कापड टेरिलीनच्या जातीचें. आपल्या मध्यम घरांत असलें कापड 1960 नंतरच्या दशकांत रूढ झालें, तेव्हां गोधडी त्याहून जुनी नव्हे. टांका बारीक, अंतर सारखें, गांठ आंतल्या बाजूस लपविलेली. हात सरावाचा होता. आणि तिसऱ्या ओळींत खणाचा एक चौकोन उलटा होता. बाकी सगळ्या खणांचीं फुलें वर पाहतात, हें एकच खालीं पाहत होतें.

तो उसवून सुलटा करावा, असें आमच्या मनांत आलें व आम्ही तसें बोललोंहि. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तिला दिसलें नसेल असें वाटतें का तुम्हांला? चव्वेचाळीस वेळां तिनें तें हातांत घेतलें असेल. राहूं दे." उलट्या चौकोनाचा निकाल तेथेंच लागला. परंतु त्यांतून जो प्रश्न निघाला तो आम्हांस कित्येक दिवस पुरला. दुसऱ्यानें आरंभिलेलें काम पुरें करावयाचें तर पुरें करणाराचा अधिकार किती?

आमच्या वाङ्मयांत याचें मोठें उदाहरण बाणभट्टाच्या कादंबरीचें. ग्रंथ अर्धा झाला असतां बाण वारला, व त्याच्या पुत्रानें उत्तरभाग लिहिला. या पुत्राचें नांव कोणी भूषणभट्ट देतात, कोणी पुलिंद. उत्तरभागाच्या प्रारंभीं तो सांगतो कीं, पिता स्वर्गास गेला, त्याच्या वाणीबरोबर कथाहि तुटली, आणि ती अपुरी राहिल्याचें सज्जनांस दुःख होतें म्हणून आपण हातीं घेतली, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे. विद्यार्थ्यांस हा भाग शिकवितांना त्यांतील विनयाची आम्ही नेहमीं वाखाणणी करीत असूं. पण गोधडी हातीं आल्यावर त्यांतलें दुसरें मर्म ध्यानांत आलें. पुत्रानें पित्याचा पूर्वभाग आपल्या मगदुराप्रमाणें सोपा करून घेतला नाहीं. त्यानें शिवण जेथें तुटली होती तेथून पुढें घातली.

दुसरें उदाहरण आमच्या गांवचेंच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजीं याच धुळ्यांत वारले. मराठी धातूंची व्युत्पत्ति लावण्याचा त्यांचा उद्योग तोंवर छापून झाला नव्हता. पुढें कृ. पां. कुलकर्णी यांनीं त्याचें संपादन केलें आणि येथल्या राजवाडे संशोधन मंडळानें 1937 सालीं धातुकोश प्रसिद्ध केला. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ति पुढील विद्वानांस पटलेल्या नाहींत. तथापि कोश राजवाड्यांचाच राहिला. स्वतःचीं मतें मांडावयाचीं तर स्वतःचा ग्रंथ करावा; आणि कुलकर्ण्यांनीं 1946 सालीं मराठी व्युत्पत्तिकोश काढून तो केलाहि. ज्यांस दुसऱ्याचें काम पुरें करतांना आपलीच हौस पुरवावयाची असते त्यांनीं नवें कापड घ्यावें, हें बरें.

राहिलेले चार चौकोन कशाचे करावे, यावर घरांत दोन मतें होतीं. एक मत असें कीं, बाजारांत शोधून जुना खण आणावा आणि नवें-जुनें ओळखूं न येईल असें जोडून द्यावें. हें मत शेजारच्या एका हुशार मुलीचें. तिची बोटें चांगलीं चालतात व तिला तें साधलेंहि असतें. आम्हीं विरुद्ध पक्ष घेतला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम चाललें. तींत जो पाठ संपादकांस निश्चित वाटला नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ छापलेली आहे. वाचणाऱ्यास अडथळा होत नाहीं, पण पाहणाऱ्यास कळतें. आमच्या चार चौकोनांनींहि तसेंच असावें. म्हणून ते साध्या, बिनरंगी, धुवट धोतराचे केले. गोधडी दुरून पाहिली तर खालचा कोपरा थोडा उजळ दिसतो, एवढेंच. जवळून पाहिली तर पहिला हात कोठें थांबला तें लहान मुलासहि दाखवितां येतें. गंजलेली सुई अर्थात् काढून टाकली. तिचा तो तांबडा दोरा मात्र सौभाग्यवतीनें नव्या सुईंत ओवला आणि पहिला जोड त्यानेंच घातला. सातआठ टांक्यांत तो संपला.

आतां ज्या भगिनींस असें काम करावयाचें असेल त्यांच्याकरितां थोडें कृतीचें सांगतों. जुना थर शिवावयास घेण्यापूर्वीं धुवावा, पण त्याच्या कडा उघड्या असतात व धुतांना उसवतात. म्हणून आधीं चहूंकडून दुमडून मोठे टांके घालावे. पांढरी चिंधी ओली करून प्रत्येक रंगावर दाबून पाहावी. आमच्या खणांपैकीं दोघांनीं रंग सोडला. अशा वेळीं थर थंड पाण्यांत निराळा भिजवावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलीत जावें. आम्हीं तो उशीच्या अभ्र्यांत घालून रिठ्याच्या पाण्यांत धुतला, पिळला नाहीं, आणि जुन्या पंच्यावर पसरून सावलींत वाळविला. नंतर उजेडासमोर धरावा: जेथें कापड विरलें असेल तेथें मागून पातळ सुती तुकडा लावावा, वरून ठिगळ देऊं नये. टेरिलीनच्या चौकोनावर तापलेली इस्त्री फिरवूं नये. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलें कापड तान्ह्या मुलाच्या अंगाशीं कदापि आणूं नये. कांहीं बालकांच्या रक्तांतील तांबड्या पेशी त्या वाफेनें फुटतात व कावीळ होते, हें वैद्यांनीं अनेकदां सांगितलेलें आहे.

अस्तराला आमचीं दोन धोतरें लागलीं, आंतल्या भरणाला दोन जुनीं सुती पातळें. फरशीवर आधीं अस्तर, त्यावर भरण, त्यावर वरचा थर, असें पसरून मधून कडेकडे हात फिरवीत सुरकुत्या काढल्या, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल आणि दोन जाड कोश ठेवले व कच्चे टांके घातले. हें कच्च्या टांक्यांचें काम आमच्याकडे देण्यांत आलें, कारण तें शेवटीं उसवावयाचेंच असतें. पक्का धांवदोरा कडेपासून आंत, चौकटीच्या आंत चौकट, असा घातला. गोव्यालगतच्या कारवार जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रियाहि गोधडी कडेकडून मध्याकडे शिवीत जातात आणि चारी कोपऱ्यांस घडीचें लहानसें फूल लावतात. फुलावांचून त्यांस गोधडी पुरी झाली असें वाटत नाहीं. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून येथें आणले गेले त्या लोकांची शिवण व आपल्या आजीची शिवण एकाच वाटेनें जाते, हें पाहून आम्हांस मौज वाटली.

गणिताच्या शिक्षकाची उणीव भासूं नये म्हणून एक हिशेब. आठ अंगुळें म्हणजे सहा इंच. तेव्हां गोधडी तीन फूट रुंद व चार फूट लांब, क्षेत्रफळ 1728 चौरस इंच. ओळींत अंतर एक अंगुळ, म्हणजे पाऊण इंच. क्षेत्रफळास अंतरानें भागिलें असतां शिवणीची लांबी 2304 इंच, म्हणजे 64 वार होते; ओळी सरळ घाला कीं चौकटी घाला, उत्तर जवळजवळ तेंच. इंचास पांच टांके धरले तर अकरा हजार पांचशें वीस. जेवणानंतर दीड तास बसून दिवसाला दोन वार होत. पौषांत आरंभ झाला व माघांत शेवट. हा आंकडा आम्हीं सौभाग्यवतीस वाचून दाखविला, तेव्हां ती म्हणाली कीं, आधीं सांगितला असता तर घेतलीच नसती.

ही गोधडी द्यावयाची होती ती आमच्या जळगांवच्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या नातवंडास. माघअखेरीस बाळंतपण अपेक्षित होतें. मार्गशीर्षांत दूरध्वनीवर बोलतां बोलतां गोष्ट निघाली आणि बहिणीचा स्वर बदलला. ती म्हणाली, "दादा, बाळाला पहिलें वस्त्र जुनें असावें, हें मलाहि ठाऊक आहे. पण तें आपल्या घरचें. हें कोणाच्या अंगावरचें, कोणत्या घरचें, तुला माहीत आहे का? सूनबाईच्या माहेरच्यांना मी काय सांगूं?"

या ठिकाणीं आमचे पुष्कळ वाचक बहिणीच्या बाजूचे असतील, व त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. तान्ह्या मुलाच्या बाबतींत स्वच्छतेची शंका घेणें हें आजीचें कर्तव्यच आहे. तेवढीच शंका असती तर रिठा आणि ऊन पाणी हें उत्तर पुरेसें होतें. परंतु 'कोणत्या घरचें' या शब्दांत जें विचारलेलें असतें तें जंतूंविषयीं नसतें, हें तुम्हांआम्हांस चांगलें समजतें. विटाळ हा शब्द सुशिक्षित घरांत आतां कोणी उच्चारीत नाहीं. तो आरोग्याचा अंगरखा घालून येतो. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच सौभाग्यवतीनें आमच्या हातांतून यंत्र घेतलें. ती म्हणाली, "वन्सं, दवाखान्यांत बाळ जन्मल्याबरोबर ज्या कापडांत गुंडाळतात तें कोणाच्या घरचें असतें?" पलीकडून उत्तर आलें नाहीं. थोड्या वेळानें, "बरें वहिनी, तुम्ही शिवा तर खरी," एवढें म्हणून बहिणीनें बोलणें आटोपलें.

ज्यांस शास्त्राचा आधार लागतो त्यांच्याकरितां सांगतों कीं, मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. तेथें धान्य व वस्त्रें पुष्कळ असतील तर पाणी शिंपडून आणि थोडीं असतील तर धुवून शुद्ध होतात, असें स्पष्ट म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत माणसांविषयीं जें लिहिलें आहे त्यांतलें पुष्कळसें आम्हांस मान्य नाहीं, व तें येथें लपविण्याचें कारणहि नाहीं. पण गंमत अशी कीं, मनूला जें कापड पाण्यानें शुद्ध झालें तें आमच्या दिवाणखान्यांत होत नाहीं. आमच्या वडिलांच्या घरीं दर उन्हाळ्यांत गोधड्या शिवावयास दोन बायका येत. त्या ओसरीवर बसत, त्यांना पाणी वरून वाढीत, आणि त्यांच्या बोटांनीं हजारों टांके घातलेल्या गोधडींत आम्ही भावंडें सोवळ्यांतल्या आजीच्या कुशींत निजत असूं. त्या गोधडीला कोणीं नांव ठेवल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. कापड आपलें व बोटें त्यांचीं, हें चाललें. बोटें आपलीं व कापड त्यांचें, येथें मात्र अडलें.

गरिबांच्या शिवणीची किंमत जगांत आतां कोठें होऊं लागली आहे. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत नदीच्या वळणावर जीज बेंड नांवाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते, शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. त्या गोधड्या 2002 सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. आमच्याकडेहि बचतगटांच्या स्त्रिया गोधड्या शिवून शहरांत विकतात आणि त्या हौसेनें घेतल्या जातात. दुकानांतून घेतलेल्या गोधडीचें कापड कोणत्या घरचें, असें कोणी विचारीत नाहीं. किंमत मोजली कीं प्रश्न मिटतो, असा हा व्यवहार.

तेव्हां आतां प्रश्न उरला सांगण्याचा. बहिणीची इच्छा होती कीं, गोधडी द्यावी पण तिची कुळकथा बारशांत काढूं नये. 'वहिनींनीं शिवली' म्हटलें म्हणजे झालें. तें खोटेंहि ठरलें नसतें. सौभाग्यवतीस तें मानवेना. ती म्हणाली, "चव्वेचाळीस चौकोन मीं जोडलेले नाहींत. नांव कसें घेऊं?" गोधडीच्या मागें चार ओळींचा श्लोक भरून घ्यावा, अशी आमची सूचना होती, तीवर विचार झाला नाहीं. शेवटीं अस्तराच्या एका कोपऱ्यांत तांबड्या दोऱ्यानें एवढेंच भरलें: 'आरंभ अज्ञात हातांनीं, समाप्ति धुळें, माघ शके 1946.' आणि सोबत एक चिठ्ठी दिली. तींत कापड कसें धुवावें हें लिहिलें, व एक वर्षाच्या आंतलें मूल निजलें असतां त्याच्या अंगावर असलें सैल पांघरूण घालूं नये, तोंडावर येण्याचें भय असतें, म्हणून वर्षभर ती जागेपणीं खालीं अंथरण्यापुरतीच वापरावी, असें आजच्या वैद्यांचें मतहि लिहिलें.

फाल्गुनांत बारसें झालें. कन्यारत्न. पाळण्याखालच्या भेटींत चांदीचा वाळा होता, दुकानांतलीं रेशमी झबलीं होतीं, विजेवर चालणारीं खेळणीं होतीं. गोधडी उलगडली तेव्हां कोणीतरी कौतुक केलें, आणि सौभाग्यवतीनें बोहारणीपासून सारी हकीकत सांगितली. जमलेल्या बायकांत क्षणभर शांतता झाली. सूनबाईची आजी नव्वदीच्या घरांत आहे; तिनें गोधडी मांडीवर ओढून घेतली, तिसऱ्या ओळींतल्या उलट्या चौकोनावर बोट ठेवलें आणि विचारलें, "हें असेंच होतें?" होतें म्हटल्यावर तिनें मान हालविली व ती आपल्या घरच्या कोणत्या तरी गोधडीविषयीं बोलूं लागली. आमच्या बहिणीनें मात्र गोधडीची नीट घडी केली आणि ती कपाटांत गेली. बहिणीचा स्वभाव आम्ही लहानपणापासून ओळखतों. घडी फार व्यवस्थित होती.

चैत्र गेला, वैशाख गेला. आम्हीं विचारलें नाहीं आणि तिकडून कोणी बोललें नाहीं. दिलेल्या वस्तूचें पुढें काय झालें याची चौकशी देणाऱ्यानें करूं नये, असें सौभाग्यवतीचें मत. आमचें मत वेगळें होतें, पण चाललें तिचें. श्रावणांत एके सकाळीं बहिणीचा दूरध्वनि आला. प्रकृतीची विचारपूस झाली, पावसाची झाली. मग म्हणाली, "दादा, वहिनींना विचार, तो तांबडा दोरा कोणत्या दुकानचा? पोरगी दिवसभर तिच्यावर पालथी पडून असते, आणि कोपऱ्यांतले टांके ओढून ओढून तिनें दोन बोटें उसवलें आहे. इथें चार दुकानें पाहिलीं, रंग जुळत नाहीं."

दोरा आग्रा रोडवरच्या दुकानांतला होता. रिळाचा उरलेला भाग सौभाग्यवतीनें कागदांत गुंडाळला, त्यांत एक सुई टोंचली, आणि दुसऱ्या दिवशीं जळगांवास जाणाऱ्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याबरोबर तो धाडून दिला.